गळाला फिरती पाती : तळ्यातला शिकारी मासा वेचण्याचा साधा उपाय

मृगाचा पाऊस पडून गावतळ्यात पाणी आलं की मच्छीमार संस्था आणि शेततळेवाले शेतकरी बोटुकली आणायच्या तयारीला लागतात. प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या येतात, सरपंचांच्या हस्ते बीज पाण्यात सोडलं जातं, टाळ्या होतात. आठ-दहा महिन्यांनी जाळं ओढलं की मात्र हिशेब जुळत नाही. सोडलं किती आणि निघालं किती, यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. मग कुणी म्हणतं बीजच मेलेलं होतं, कुणी म्हणतं रात्री चोरी झाली.

चोरी झालेली असते हे बऱ्याचदा खरं, पण चोर काठावरचा नसतो, तो पाण्यातच असतो. बीज सोडण्याआधी तळ्यात कोण राहतं याची चौकशी न केल्यामुळे आपण त्याला घरपोच जेवण देतो. हा चोर जाळ्याला सहज सापडत नाही. त्याला वेचून काढण्याचं एक साधं हत्यार म्हणजे स्पिनर, म्हणजेच गळाला लावायची फिरती पाती. शहरातले हौशी लोक तिच्याकडे करमणूक म्हणून बघतात. शेतकऱ्याने आणि मच्छीमार संस्थेने तिच्याकडे कामाची वस्तू म्हणून बघावं, यासाठी हा लेख.

चोर कोण?

आपण तळ्यात सोडतो ते कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. हे तिघे गरीब स्वभावाचे. दुसऱ्याच्या पिल्लांना ते तोंड लावत नाहीत.

शिकारी मंडळी वेगळी. त्यात पहिला मान मरळीचा. बेशरमीची झुडपं, पाणकणीस, कमळाची पानं यांच्या आडोशाला ती दबा धरून बसते आणि समोरून बोटुकली गेली की झडप घालते. मरळ वरची हवाही घेते, त्यामुळे पाणी आटलं, गढूळलं तरी ती मरत नाही. गाळात शिरून उन्हाळा काढते. ओढजाळं आलं की गाळात दबते आणि जाळं तिच्या डोक्यावरून निघून जातं. दुसरा शिवडा. मोठं तोंड, बारीक दातांच्या रांगा. धरणात आणि नदीला जोडलेल्या तलावात तो असतो. त्याच्या जोडीला शिंगाळा आणि मरळीचे लहान भाऊबंद.

आता नुसता समजण्यापुरता हिशेब करू. समजा, एका मोठ्या मरळीने दिवसाला दोनच बोटुकल्या गिळल्या. तीन महिन्यांत झाल्या १८०. अशा दहा मरळी तळ्यात असतील तर १,८०० बोटुकल्या गेल्या. एक हेक्टर तळ्यात ५,००० बोटुकली सोडली असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल पहिल्या तीन महिन्यांतच संपला. बीजाचे पैसे, खाद्याचे पैसे आणि वर्षभराची राखण, सगळं मरळीच्या पोटात.

गंमत अशी, की ही मरळ स्वतः बाजारात कटल्यापेक्षा चढ्या भावाने जाते. ओल्या गोणपाटात ती बराच वेळ जिवंत राहते आणि जिवंत मरळीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. म्हणजे चोर पकडला तर चोरीच्या मालाची थोडीफार भरपाईसुद्धा होते.

स्पिनर म्हणजे काय?

एक ताठ बारीक तार. तिच्यावर धातूची एक पाती, चमच्याच्या पुढच्या भागासारखी किंचित खोलगट. पाती तारेला थेट जोडलेली नसते, छोट्या यू आकाराच्या कडीत अडकवलेली असते, त्यामुळे तारेभोवती मोकळी फिरते. पातीच्या खाली मणी आणि पितळी वजन, आणि शेवटी तीन तोंडी किंवा एक तोंडी गळ. वरच्या टोकाला तंगूस बांधायला फासा. बस्स, एवढंच यंत्र.

चमचा आणि मासा यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत ज्युलिओ बुएल नावाच्या गृहस्थाचा चमचा तळ्यात पडला आणि बुडता बुडता त्यावर माशाने झडप घातली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, बुएलने १८५२ साली धातूच्या चमच्यासारख्या आमिषाचं पेटंट घेतलं ही नोंद आहे. पुढे १९३८ साली फ्रान्समध्ये आंद्रे म्यूलनार या इंजिनिअरने मेप्स कंपनी काढली आणि आज दिसतो तसा फिरत्या पातीचा स्पिनर जगभर गेला. आपल्या देशातही ही विद्या नवी नाही. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढलं, त्यात महाशीर गळाला लावण्याच्या युक्त्या आहेत.

मासा पातीला का फसतो?

पाती पाण्यातून ओढली की गरगर फिरते. त्यातून दोन गोष्टी होतात. एक, ती लखलखते. पळणाऱ्या लहान मासोळीच्या अंगावर ऊन चमकावं तशी. दुसरी, पाण्यात थरथर उठते. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. या रेघेने माशाला पाण्यातली हालचाल कळते. म्हणून गढूळ पाण्यात, डोळ्याला काही दिसत नसतानाही, शिकारी माशाला पातीचा पत्ता लागतो.

आणि इथेच स्पिनरचा खरा गुण आहे. त्याला ना वास, ना चव. कणकेची गोळी किंवा गांडूळ लावलं तर रोहू-मृगळही येतील. पळत्या पातीमागे धावतो तो शिकारी मासाच. रोहू-कटला क्वचित चुकून अडकतो, तेवढंच. म्हणजे जाळं सगळ्यांना गोळा करतं, विष सगळ्यांना मारतं, स्पिनर मात्र निवड करतो. पिकात फवारणी करण्याऐवजी तण वेचून काढावं, तसं हे काम आहे.

पाती कोणती, वजन किती?

पातीचे ढोबळ दोन प्रकार लक्षात ठेवा. गोलसर पाती तारेपासून लांब फिरते, हळू फिरते आणि थरथर जास्त करते. गढूळ पाण्याला, संथ तळ्याला आणि संध्याकाळच्या वेळेला ही चांगली. लांबट, बांबूच्या पानासारखी पाती तारेला चिकटून वेगाने फिरते. नदीच्या ओढीला आणि स्वच्छ पाण्याला ती बरी. गढूळ पाण्यात पितळी किंवा तांबडसर रंग आणि लख्ख पाण्यात रुपेरी, असा सर्वसाधारण प्रघात आहे, पण स्थानिक अनुभव घेऊनच ठरवावं.

वजनाचं म्हणाल तर दुकानात पातीवर नंबर असतो. मेप्सच्या साध्या स्पिनरमध्ये ३ नंबर सुमारे साडेसहा ग्रॅमचा आणि ५ नंबर सुमारे १३ ग्रॅमचा असतो. गावतळ्यातल्या मरळीला ३ ते ५ नंबर पुरे. तंगूस ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीची घ्या. मरळ आणि शिवडा दातांचे मासे आहेत, म्हणून स्पिनरच्या पुढे वीतभर बारीक स्टीलची तार जोडा. तार आणि तंगूस यांच्यामध्ये फिरकी कडी, म्हणजे स्विव्हल, हवीच. ती नसेल तर पातीबरोबर तंगूसही पिळवटते आणि तासाभरात रिळावर गुंतागुंत होऊन बसते. दांडी सहा-सात फुटांची असली की काम भागतं.

फेकायची कशी?

सकाळी ऊन तापण्याआधी आणि दिवस कलल्यावर, या दोन वेळा चांगल्या. उन्हाळ्यात पाणी कमी होऊन मरळी ठराविक डोहात गोळा होतात, तो हंगाम सगळ्यात उत्तम. बीज सोडण्याच्या आधीचे एप्रिल-मे हे दोन महिने यासाठी राखून ठेवा.

पाच-दहा मिनिटं काठावर गप्प बसून पाण्याकडे बघा. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर वलय उठतं. वलयावर थेट पाती आपटू नका, ती बिचकून जाईल. वलयाच्या चार-सहा हात पलीकडे फेका आणि तिच्या तोंडावरून ओढत आणा. पाती पडली की मनात दोन-तीन आकडे मोजा, तेवढी ती खाली जाऊ द्या. मग एक हलका झटका द्या, म्हणजे पाती फिरायला लागते. त्यानंतर रीळ जेमतेम पाती फिरेल इतक्या सावकाश फिरवा. दांडीच्या शेंड्याला बारीक थरथर जाणवली म्हणजे पाती चालू आहे. थरथर थांबली तर पातीला शेवाळ लागलं असं समजून ओढून घ्या आणि साफ करा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे घाई. जोरात ओढलेली पाती पाण्याच्या वर येते आणि मासा खालीच राहतो.

दाट जलपर्णीत तीन तोंडी गळ निव्वळ गवत गोळा करतो. तिथे एक तोंडी गळ लावा आणि मोकळ्या पाण्याच्या कडेकडेने फेका.

घरीही बनतो

बाजारचा स्पिनर महाग वाटत असेल तर घरी करता येतो. पातळ पितळी पत्र्याचा किंवा जुन्या स्टीलच्या चमच्याचा लंबगोल तुकडा कापा, कडा कानसीने गुळगुळीत करा, लाकडात खळगा करून त्यावर हातोडीने हलके ठोका म्हणजे खोलगट आकार येतो. निमुळत्या टोकाला भोक पाडा. साधारण एक मिलिमीटरची न गंजणारी तार घ्या, एका टोकाला गळ अडकवून वेटोळं करा. मग पितळी नट, एक-दोन मणी आणि यू कडीत अडकवलेली पाती ओवा, पातीची खोलगट बाजू तारेकडे ठेवा आणि वर फासा करून बंद करा. बादलीत ओढून बघा. पाती फिरत नसेल तर बहुधा कडी घट्ट झालेली असते किंवा मणी खरबरीत असतो. गळावर कोंबड्याचं पीस बांधलं तर आणखी चांगलं. वजनासाठी शिसं वापरू नका. तुटलेला स्पिनर पाण्यात राहतो आणि शिसं विषारी आहे.

कुठे वापरू नये?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, नीट वाचा.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात स्पिनर फेकू नका. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यापासून अनेकांच्या शेतात ३० बाय ३० बाय ३ मीटरची तळी झाली. त्यात ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलेलं असेल, तर तळाशी अडकलेला गळ ओढताना त्याला भोक पडतं. एका मरळीसाठी पाणीही जाईल आणि कागदही. अशा तळ्यात पाणी उपसून हातजाळ्याने मासे काढणं हाच मार्ग.

गुरांच्या घाटावर आणि धुण्याच्या घाटावर गळ टाकू नका. काठावर पडलेला तुटका तीन तोंडी गळ म्हशीच्या खुरात किंवा गवताबरोबर तोंडात गेला तर जनावर हातचं जातं. तुटकी तंगूस आणि गळ खिशातल्या डबीत घालून घरी न्यायची सवय लावा.

वरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तिथे दांडी उभी करू नका. हल्लीच्या कार्बनच्या दांड्यांतून वीज वाहते. वीज कडाडत असताना तर काठावर थांबूच नये. गळ बोटात रुतला आणि उलटा काटा आत गेला तर ओढाताण न करता दवाखाना गाठा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात पाण्यावर लालसर बारीक पिल्लांचा थवा एकत्र खळबळताना दिसतो. ती मरळीची पिल्लं असतात आणि मोठी मरळ खाली पहारा देत असते. नदी-नाल्यात, नैसर्गिक डोहात अशा राखणदार मरळीला गळ टाकू नका. ती गेली की पिल्लांचा फन्ना उडतो आणि डोहातली मरळच संपते. मत्स्यबीज सोडलेल्या तळ्यात मात्र हाच थवा तुमच्या तोट्याचं बी आहे, तिथे पिल्लं आणि मरळ दोन्ही काढावी लागतात. कुठलं पाणी कशासाठी आहे, हे आधी ठरवा.

खडस लागला तर?

नदीकाठच्या गावांसाठी वेगळी सूचना. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांत स्पिनरला खडस, म्हणजे दख्खनचा महाशीर लागू शकतो. या माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचं नाव शास्त्रात नेलं. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत लोकांनी देवाचे मासे म्हणून महाशीर जपले आहेत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराचं बीज तयार करण्याचं काम केलं.

खडस लागला तर हात ओले करून धरा, पकडीने गळ काढा, तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरा आणि त्याने स्वतः शेपटी मारली की सोडा. नदीवर जाताना गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला तर हे काम सोपं होतं.

मात्र दुसऱ्या पाण्यात नेऊन सोडायचा उत्साह नको. वळवणचं बीज दक्षिणेत कावेरीतही गेलं. कावेरीतल्या एका मासेमारी तळावर गळवाल्यांनी १९९८ ते २०१२ पर्यंत पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की बाहेरून आलेला महाशीर वाढत गेला आणि तिथला मूळचा कुबडाचा महाशीर झपाट्याने घटला. तो मूळचा मासा आज अति संकटग्रस्त यादीत आहे. यातून दोन धडे घ्यायचे. चांगला मासासुद्धा चुकीच्या पाण्यात उपद्रवी ठरतो. आणि गळवाल्याची साधी वही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते.

ग्रामपंचायत आणि संस्थेने काय करावं?

तलाव कुणाचा आणि मासेमारीचा ठेका कुणाकडे, हे पाहून लेखी परवानगीशिवाय कुणीही गळ टाकू नये. संस्थेच्या ठेक्याच्या तलावात हौसेने मासे धरणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडणं. उलट संस्थेनेही गळवाल्याला हुसकावण्याऐवजी कामाला लावावं. एप्रिल-मेमध्ये परवाने द्यावेत. अटी साध्या ठेवाव्यात : फक्त शिकारी मासा काढायचा, रोहू-कटला लागला तर लगेच सोडायचा, गुरांचे घाट वगळायचे, धरलेला माल संस्थेकडे वजन करून वाटणी ठरवायची. वहीत तारीख, मासा आणि वजन लिहायचं. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी समोर आल्या की तळ्यात चोर किती उरलेत याचा अंदाज येतो.

थाई मांगूर सापडला तर तो परत पाण्यात सोडू नका. त्याच्या पालनाला देशात बंदी आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे घाई करून तळ्यात कीटकनाशक ओतणं, सुरुंग उडवणं किंवा विजेचा झटका देणं. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून पाण्यात विष आणि स्फोटकं वापरणं हा गुन्हा ठरला आहे. कायद्याचं सोडा, तेच पाणी गुरं पितात.

स्पिनरच्या भरवशावरच राहू नका

हे हत्यार मर्यादित आहे. दोन-चार गळांनी मोठा तलाव साफ होत नाही, भार कमी होतो एवढंच. मातीचं तळं आटवता येत असेल तर गाळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या, तो पक्का इलाज. न आटणाऱ्या लहान, स्वतःच्या तळ्यात बीज सोडण्याच्या तीन आठवडे आधी मोहाची पेंड वापरता येते. एक मीटर पाणी असेल तर हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे ९ गुंठ्यांच्या तळ्याला साधारण २२५ किलो. गुरांच्या पिण्याच्या पाण्यात ती टाकू नये, आणि टाकण्यापूर्वी तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. पाणी आत येतं त्या तोंडाशी बारीक जाळी बसवा, नाहीतर पहिल्याच पुरात नवी मरळ ओढ्यातून चढून येते.

गावतळं आटत नाही, त्यात पेंडही टाकता येत नाही, आणि जाळ्याखालून मरळ निसटते. स्पिनरची जागा नेमकी इथे आहे. त्याच्या जोडीला बीज मोठं घ्या. अर्धबोटुकली स्वस्त म्हणून आणण्यापेक्षा चार इंची बोटुकली थोडी कमी आणलेली परवडते, कारण ती मरळीच्या तोंडात सहज मावत नाही.

या उन्हाळ्यात बीजाची मागणी नोंदवण्याआधी एक काम करा. चार दिवस सकाळी तळ्याच्या काठावर बसा, वलयं मोजा, पाती टाकून बघा आणि काय लागलं ते वहीत लिहा. आधी चोर काढा, मग बी पेरा.